प्रयोगशाळेतील बेडूक आणि श्रावकधर्म

आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त राजगृहीच्या एका बेडकाचा उल्लेख येतो. एक फूल घेऊन तो भगवंतांच्या पूजेस निघाला, वाटेत हत्तीच्या पायाखाली सापडला, परंतु भावाच्या बळावर देवगतीस गेला, अशी ती कथा. पाठशाळेत ही कथा ऐकलेली आपल्या समाजातील मुले-मुली औरंगाबादेत फार्मसी शिकू लागली, तेव्हा प्रात्यक्षिकाच्या टेबलावर त्यांच्यासमोर आला तो बेडूकच.

त्या काळी देशभर हीच रीत होती. सुईने मेंदू व मज्जारज्जू निकामी करून बेडूक निश्चेष्ट करावयाचा, पोटाचा स्नायू काढून क्षारद्रावणात टांगावयाचा आणि अ‍ॅसिटिलकोलीनच्या वाढत्या मात्रेने होणारे आकुंचन काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर उमटवावयाचे. सशाच्या डोळ्यांत थेंब घालणे, उंदरांना वेदनाशामक देऊन तापल्या पत्र्यावर ठेवणे हेही असे.

विद्यार्थ्यांची वृत्ती एकसारखी नव्हती. कोणी हे शिक्षणाचे अंग मानून निमूटपणे करी. कोणी मागच्या रांगेत उभे राहून मित्राचा आलेख उतरवून घेई. बेडूक मात्र त्याने वाचत नसे, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे. घरी वाद होई तो शास्त्राच्या आधारे. हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार भेद. पैकी संकल्पी हिंसा गृहस्थासही वर्ज्य. मग प्रात्यक्षिकातील हिंसा उद्योगी मानावी काय? नवे औषध शोधताना हा प्रश्न खरोखर अवघड आहे. परंतु निष्कर्ष पुस्तकात छापलेला असताना तोच दरवर्षी पंचेंद्रिय जीव मारून पुन्हा दाखविणे यास उद्योगी म्हणणे प्रस्तुत लेखकास पटत नाही.

विशेष म्हणजे कायद्याचा कलही तोच होता. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १७ व्या कलमातच, पुस्तके, प्रतिकृती वा चित्रपट यांनी काम भागत असेल तेथे शाळा-महाविद्यालयांत असे प्रयोग टाळावेत, असे सांगितले होते. ते अंमलात यावयास मात्र जवळजवळ अर्धशतक गेले. १९९८ च्या नियमांनी प्राणिगृहांची नोंदणी व नैतिक समित्या आल्या. पुद्दुचेरीच्या ‘जिपमेर’ संस्थेत तयार झालेल्या ‘एक्सफार्म’सारख्या संगणक-आज्ञावलींवर बेडकाविना तोच आलेख काढता येऊ लागला. पुढे भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१७ पासूनच्या बी. फार्म. अभ्यासक्रमात फार्माकॉलॉजीतील प्राण्यांवरील प्रयोग संगणक व चित्रफितींद्वारेच दाखवावेत, असे नमूद झाले.

पदव्युत्तर संशोधनात, समितीच्या अनुमतीने, उंदीर आजही वापरले जातात. नव्या औषधांच्या चाचणीसाठी प्राण्यांविना पद्धतींना २०२३ च्या दुरुस्तीने नियमांत स्थान मिळाले आहे. पण वाळूज-चिकलठाण्याच्या औषध उद्योगाकडे वळू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे तो जुना प्रश्न अद्याप उभा आहे, आणि आता मागच्या रांगेत उभे राहण्याची सोय त्यांना नाही.