बांध कोणाचा, खर्च कोणाचा?

मंडळी, मुळशी तालुक्यातील भरे गावी पावसाने एखाद्याच्या भातखाचराचा बांध फुटला, तर तो ज्याचा त्यानेच घालावयाचा. पण नदी फुटून सारे शिवारच बुडू लागले, तर तो खर्च एकट्या कुणब्याने सोसावा काय? तेथे सरकारनेच पुढे झाले पाहिजे, असे आपण म्हणतो.

हाच प्रश्न बाराशे वर्षांपूर्वी बगदादेत निघाला होता. खलिफा हारून अल-रशीद याच्यासाठी मुख्य काझी अबू यूसुफ यांनी ‘किताब-उल-खराज’ हा ग्रंथ लिहिला. त्यातील दंडक असा: स्वतःच्या मळ्यात पाणी नेणाऱ्या पाटाचा खर्च मळेवाल्याचा, तैग्रिस-फरात या महानद्यांचे बांध मात्र सरकारी खजिन्यातून राखावेत, कारण त्यांचा लाभ सर्वांना.

या खजिन्याला बैत-उल-माल म्हणत. त्यातला सगळा पैसा एका थैलीतला नव्हे बरे! एक थैली जकातीची. ही जकात नाक्यावरची नव्हे, तर धनवानाने द्यावयाचा धर्मदाय वाटा. गरीब, कंगाल, कर्जात बुडालेले, वाटसरू असे तिचे आठ हक्कदार कुराणाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहेत. राजाने तिच्यातून महाल बांधावयाचा नाही. दुसरी थैली खराजाची, म्हणजे जमिनीच्या साऱ्याची. तिच्यातून फौज, न्यायाधीश, पूल, कालवे.

आता आपल्या मुलखात या. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने मक्तेदारांकडून होणारी वसुली बंद केली आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविला. त्याने १६१० मध्ये खडकी शहर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. तेथे जमिनीखालून नहर नेऊन त्याने शहराला पाणी पुरविले. अबू यूसुफांचा ग्रंथ त्याने वाचला होता की नाही, हा प्रश्न वेगळा. पण सर्वांच्या पाण्याचा खर्च राज्याने करावा, हे तत्त्व त्या नहरीत दिसते.

मात्र तत्त्व आणि कारभार यांत अंतर असतेच. मोगलांशी तो अखेरपर्यंत झुंजला, आणि त्या फौजेचा भार रयतेच्या साऱ्यावरच होता.

म्हणून गुरुजींनो, मुलांना राजांच्या लढाया शिकविताना एवढे जरूर विचारा: पैसा कोणाकडून आला, आणि लाभ कोणाला झाला? आणि शेतकरी बंधूंनो, ग्रामसभेत जमाखर्च वाचला जाईल तेव्हा तुम्हीही हेच विचारा.