घरटी एक

जुलै 2008. तुम्ही श्रीलंकेच्या उत्तरेला वन्नी भागात, किलिनोच्चीजवळच्या एका खेड्यात आहात. अंगणात बंकर खणलेला, त्यावर ताडाचे ओंडके आणि माती. तुमची मुलगी सतरा वर्षांची, मुलगा चौदाचा.

दाराशी सायकली थांबतात. आलेली पोरं अदबीनं बोलतात. त्यातल्या एकाला तुम्ही कडेवर खेळवलेलं आहे. त्यांच्या वहीत तुमचं कुटुंब नोंदलेलं आहे. घरटी एक माणूस चळवळीला द्यायचा, हा वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या लिट्टेचा नियम दोन वर्षं चालू आहे आणि तुमच्याकडून अजून कोणी गेलेलं नाही.

‘कोणाला पाठवायचं ते तुम्हीच ठरवा,’ ते सांगतात.

ही निवड तुमच्यावर सोपवणं हेच या भरतीतलं सगळ्यात क्रूर कृत्य आहे. पोरांना तुम्ही शत्रूही म्हणू शकत नाही. 1983 च्या तमिळविरोधी दंगलीत कोलंबोतलं तुमचं दुकान जळलं. तमिळांवरचा अन्याय खोटा होता असं तुम्हाला कोणी पटवू शकणार नाही. पण त्या अन्यायाची किंमत तुमच्या पोटच्या पोरीनं चुकवायची, हे कोणी ठरवलं?

आणि तुम्हाला धाकटा भाऊ आठवतो. 1989 मध्ये त्याला रस्त्यावरून उचललं, तेव्हा उचलणारे लिट्टेचे नव्हते, ईपीआरएलएफ या दुसऱ्या तमिळ संघटनेचे होते. भारतीय शांतिसेना माघारीच्या वाटेवर होती आणि तिच्या पाठबळावर ‘तमिळ राष्ट्रीय सेना’ उभी करण्याची घाई चालली होती. मराठी वाचकानं इथे क्षणभर थांबावं. ती धरपकड आपल्या सैन्याच्या डोळ्यांदेखत झाली.

पळून जावं तर वन्नीबाहेर पडायला लिट्टेचा परवाना लागतो, आणि तो मिळाला तरी घरातलं कोणीतरी मागे ओलीस ठेवावं लागतं. शेजाऱ्यांनी सोळाव्या वर्षीच मुलीचं लग्न उरकलं, कारण लग्न झालेल्यांना नेत नाहीत म्हणे. काही महिन्यांनी लग्न झालेल्यांनाही न्यायला लागले. पूर्वेला लिट्टेतून फुटलेला करुणा गट सरकारी हद्दीत राहून हेच करतो आहे. जायचं कुठे?

तुम्ही दोन्ही मुलांना लपवता. मग ते तुम्हालाच घेऊन जातात आणि बंकर खणायला जुंपतात. कोणी मारत नाही, शिवीही देत नाही. बाप अडकवला की मूल आपण होऊन येतं, हे त्यांना ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी मुलगी येते. तुम्हाला सोडतात. तिचे केस कानापर्यंत कापतात, म्हणजे पळालीच तर कुठेही ओळखू येईल.

2 जानेवारी 2009 ला किलिनोच्ची पडतं. तुम्ही हंडे, गोधड्या, सायकल घेऊन पूर्वेकडे सरकत राहता आणि शेवटी समुद्र आणि नंदिकडल खाजण यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीत लाखो माणसांबरोबर कोंडले जाता. सरकारनं या भागाला सुरक्षित क्षेत्र जाहीर केलं आहे, आणि तोफगोळे इथेच पडताहेत. मार्चमध्ये वलैन्यर्मडमच्या चर्चमध्ये आसऱ्याला गेलेल्या तरुण मुलांना लिट्टेनं धरून नेलं, त्यांत तुमचा मुलगाही होता. आता वहीही कोणी उघडली नाही आणि घरटी एक हा हिशोबही उरला नाही. मोजक्या दिवसांच्या शिक्षणावर त्याला आघाडीवर पाठवलं. 2003 ते 2008 अखेर लिट्टेनं भरती केलेल्या सहा हजारांहून अधिक मुलांची नोंद युनिसेफनं केली. त्या चर्चमधली मुलं त्यानंतरची.

18 मे. युद्ध संपलं. मुलगी गोंधळात निसटून तुमच्यापर्यंत आली आहे. वट्टुवाकलचा पूल ओलांडताना ध्वनिक्षेपकावर तमिळमधून पुकारा चालू आहे: संघटनेत एक दिवस जरी होता, तरी पुढे या, नाव लिहून द्या, चौकशी करून सोडू. तिचे आखूड केस सगळं सांगतातच. तुम्हीच तिला म्हणता, ‘जा, बाळा. सांग की जबरदस्तीनं नेलं होतं.’ ती रांगेतून बाजूला होते.

सरकारी आकड्यानुसार 594 बालसैनिकांचं पुनर्वसन झालं. मोठ्या वयाचे हजारो कैदीही छावण्यांतून परतले. पण त्या दिवशी सैन्याच्या हवाली केलेली कित्येक माणसं पुन्हा कोणालाच दिसली नाहीत. 20 फेब्रुवारी 2017 पासून किलिनोच्चीत कंदस्वामी कोविलापाशी त्यांचे आईबाप फोटो मांडून धरणं धरून बसले. त्यांतले अनेक जण उत्तर न मिळताच वारले.

लिट्टेकडे जाब मागायला आता कोणी शिल्लक नाही. सरकार आहे, सैन्य आहे. शरण आलेल्यांच्या याद्या जाहीर करा, ही या आईबापांची मागणी आहे, आणि ती पूर्ण झालीच पाहिजे.