कृत्रिम रेशमाचें विष आणि त्यावरील उतारा

इ. स. 1889 सालीं पॅरिस शहरीं जें जागतिक प्रदर्शन भरलें, त्यांत आयफेलचा नवा लोखंडी मनोरा पाहण्यासाठीं लोकांची एकच झुंबड उडाली होती. परंतु त्याच प्रदर्शनांत एका दालनामध्यें काउंट इलेर द शार्दोने नांवाचा एक फ्रेंच गृहस्थ आपलें चकाकणारें सूत मांडून बसला होता, आणि जगाच्या पोशाखावर पुढें जो परिणाम झाला तो मनोऱ्याचा नव्हे, ह्या सुताचा झाला. हें सूत रेशमासारखें दिसे, पण तें कोणत्याहि किड्यानें विणलेलें नव्हतें. वनस्पतींच्या अंगीं जें सेल्युलोज नांवाचें द्रव्य असतें, तें नत्राम्लाच्या साह्यानें विरघळवून त्याचा धागा ओढलेला होता. सुरुंगांत वापरल्या जाणाऱ्या स्फोटक कापसाचें तें सख्खें भावंडच! साहजिकच तें पेट फार लवकर घेई. पुढें रासायनिक उपायांनीं त्याचा हा दुर्गुण पुष्कळ कमी करण्यांत आला. पण अंगावरचें वस्त्र केव्हां भडकेल ह्याची धास्ती बाळगून कोण मिरविणार?

ह्या आरंभींच्या सुतांतच पुढील सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचें बीज आहे. सेल्युलोज हें मूळचें अत्यंत निरुपद्रवी द्रव्य. कापूस म्हणजे बहुतांशीं सेल्युलोजच, आणि लाकडाचा सुमारें निम्मा भाग तोच. अडचण इतकीच कीं तें पाण्यांत विरघळत नाहीं आणि तापविलें तर वितळण्यापूर्वींच करपतें. त्याचा धागा ओढावयाचा तर त्याला विरघळविणारा कोणी तरी मध्यस्थ पाहिजे, आणि सारी भानगड ह्या मध्यस्थाची आहे.

1892 सालीं इंग्लंडांत क्रॉस, बेव्हन व बीडल ह्या तिघां रसायनज्ञांनीं एक नवा मध्यस्थ शोधून काढला. लाकडाचा शुद्ध लगदा कॉस्टिक सोड्यांत भिजवावयाचा, पिळून कुसकरावयाचा, कांहीं काळ मुरत ठेवावयाचा आणि मग त्यास कार्बन डायसल्फाइड, म्हणजे कर्ब व गंधक यांचें एक उडून जाणारें द्रवरूप संयुग, पाजावयाचें. लगदा नारिंगी होतो, आणि पुन्हां सोड्याच्या पाण्यांत घातला कीं मधासारखा दाट रस तयार होतो. ह्या दाटपणावरूनच त्याला व्हिस्कोज हें नांव पडलें. हा रस सूक्ष्म छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडांत सोडला कीं मध्यस्थ निघून जातो आणि शुद्ध सेल्युलोजचा तंतु मागें उरतो. रेशमी कापडाचा जुना धंदा करणाऱ्या कोर्टोल्ड्‌स ह्या इंग्रजी पेढीनें 1904 सालीं ह्या कृतीचे हक्क विकत घेतले, कॉव्हेंट्री येथें कारखाना उभारला आणि अमाप पैसा मिळविला. 1924 सालीं अमेरिकेंतील व्यापाऱ्यांनीं ह्या मालास रेयॉन हें नांव दिलें. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या वर्षांत जपाननें ह्या धंद्यांत इतकी मजल मारली कीं मुंबईच्या बाजारांत जपानी आर्ट सिल्क घरोघर जाऊन पोहोंचलें. ज्या गृहिणीस खऱ्या रेशमाचें पातळ ऐपतीबाहेरचें होतें, तिला सणासुदीला झुळझुळीत वस्त्र नेसावयास मिळालें, ही गोष्ट क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं.

पण मध्यस्थ निघून जातो म्हणजे जातो कोठें? शंभर भाग सेल्युलोजास सुमारें तीस भाग कार्बन डायसल्फाइड लागतें. तयार धाग्यांत त्यांतील कांहीं राहत नाहीं. तें कामगाराच्या श्वासांत जातें, धुराड्यांतून हवेंत जातें. त्याच्या जोडीस कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधि असलेला हायड्रोजन सल्फाइड वायु असतो, आणि कुंडांतलें आम्ल, क्षार व जस्त हीं सांडपाण्याबरोबर नदीची वाट धरतात.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. कार्बन डायसल्फाइड हें विष आहे, हें ज्ञान व्हिस्कोजच्या शोधानंतर झालेलें नाहीं. त्या शोधापूर्वीं छत्तीस वर्षें, 1856 सालीं, ऑग्यूस्त देल्पेश ह्या पॅरिसच्या वैद्यानें रबराच्या धंद्यांतील कामगारांवर होणारे त्याचे परिणाम लिहून ठेविले होते. हातापायांची शक्ति जाणें, स्मरण ढळणें, विनाकारण संताप, आणि शेवटीं वेड. 1902 सालीं सर थॉमस ऑलिव्हर यांनीं धोक्याच्या धंद्यांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत रबराच्या कारखान्यांतील खिडक्यांना गज बसविल्याचा उल्लेख आहे. भ्रमिष्ट झालेल्या कामगारांनीं वरून उड्या टाकूं नयेत म्हणून ते बसविले होते! विषाची वाफ बाहेर घालविण्यापेक्षां माणसाला आंत कोंडणें स्वस्त पडतें, असाच हिशेब त्या मालकांनीं केला असावा. अशा स्थितींत कोर्टोल्ड्‌सनें हक्क घेतले तेव्हां कोणास कांहीं ठाऊक नव्हतें, असें म्हणण्यास जागा उरत नाहीं.

रेयॉनच्या कारखान्यांत तें गाऱ्हाणें पुढें आणण्याचें श्रेय फार मोठ्या प्रमाणांत डॉ. ॲलिस हॅमिल्टन ह्या अमेरिकन विदुषीकडे जातें. हार्वर्ड विद्यापीठानें 1919 सालीं नेमलेली ती पहिली स्त्री अध्यापक. तेथून निवृत्त झाल्यावर, सत्तरीच्या उंबरठ्यावर असतां, तिनें पेनसिल्व्हेनियांतील रेयॉन कामगारांची पाहणी हातीं घेतली. एकट्या वैद्याचें हें काम नव्हे, हें तिनें ओळखलें होतें. संघराज्याचें मजूरखातें, त्या प्रांताचे अधिकारी आणि विद्यापीठांतील मेंदूरोगांचे व मनोविकारांचे तज्ज्ञ अशा सर्वांस तिनें एका कामास जुंपलें. 1938 च्या सुमारास ह्या पाहणीचे निष्कर्ष बाहेर आले, आणि ज्यांना कारखान्यांत तऱ्हेवाईक, दारूबाज किंवा चुकार म्हणून काढून टाकीत त्यांच्यांतील अनेकजण विषबाधेचे रोगी होते, हें शास्त्राच्या दप्तरीं दाखल झालें.

तरीहि कथा संपली नाहीं. वेड आणि पक्षाघात डोळ्यांना दिसतात. हृदयविकार दिसत नाहीं. चांगल्या वायुवीजनानें वेडाचे रोगी कमी झाल्यावरहि कामगार अकालीं मरतच होते. 1968 सालीं ब्रिटनमधील संशोधकांनीं, ज्या गांवीं व्हिस्कोजचे कारखाने होते तेथील मृत्यूच्या नोंदी चाळल्या, तेव्हां सूत ओढण्याच्या खात्यांतील माणसें हृद्रोगानें फार मोठ्या संख्येनें मेल्याचें आढळलें. फिनलंडमध्यें डॉ. स्वेन हर्नबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं याहून काटेकोर मार्ग धरला. व्हिस्कोजच्या कारखान्यांतील 343 कामगार आणि त्यांच्याशीं वयानें जुळणारे कागदाच्या गिरणींतील 343 कामगार निवडून त्यांच्यावर वर्षानुवर्षें नजर ठेविली. पहिल्या पांच वर्षांतच हृदयविकाराच्या मृत्यूंचें प्रमाण व्हिस्कोजवाल्यांत चौपटीहून अधिक भरलें. तेव्हां 1972 सालीं हवेंतील विषाची मर्यादा दहा लाख भागांत वीस वरून दहावर आणण्यांत आली, धोक्यांत असलेल्यांना दुसऱ्या कामावर हलविलें, आणि पुढील वर्षांत तो फरक हळूहळू मिटत गेला. मोजणी, कायदा आणि कारखाना हीं तीन एका वाटेनें चाललीं म्हणजे काय होतें, ह्याचें इतकें स्वच्छ उदाहरण धंद्यांच्या इतिहासांत विरळाच.

हा काळ म्हणजेच हिंदुस्थानांत हा धंदा वाढीस लागल्याचा काळ होय. केरळांत पेरुंबावूर येथें 1950 सालीं रेयॉन निघूं लागलें, 1954 सालीं चंबळेच्या कांठीं नागदा येथें व्हिस्कोजचे आंखूड तंतु तयार होऊं लागले, आणि आपल्याकडे कल्याणजवळ मोहने व शहाड येथें, उल्हास नदीच्या पाण्यावर, मोठे कारखाने उभे राहिले. भिवंडीच्या व सुरतेच्या मागांना सूत मिळालें, हजारोंना पोटाला मिळालें. नदीच्या पाण्याचा हिशेब मात्र बरीच वर्षें कोणीं मांडला नाहीं.

दरम्यान मध्यस्थच बदलतां येईल काय, हा प्रश्न कांहीं थोड्या रसायनज्ञांच्या डोक्यांत घोळत होता. त्याचें उत्तर एका अर्थीं 1939 सालींच सांपडलें होतें. ग्रेनाखर व साल्मान ह्या दोघां स्विस संशोधकांच्या नांवें त्या वर्षीं एक पेटंट नोंदलें गेलें. अमाइन ऑक्साइड वर्गांतील कांहीं द्रव्यें सेल्युलोज सरळ विरघळवितात असें त्यांत म्हटलें होतें. महायुद्ध सुरू झालें आणि तो कागद दप्तरांत पडून राहिला. तीस वर्षांनीं, 1969 सालीं, ईस्टमन कोडॅक ह्या छायाचित्रांच्या सामानासाठीं प्रसिद्ध असलेल्या कंपनींतील जॉन्सन यानें त्याच वर्गांतील एन-मेथिलमॉर्फोलिन-ऑक्साइड हें द्रव्य पुढें आणलें. त्याचा धागा ओढण्याची खटपट अमेरिकेंत एन्का कंपनीनें केली आणि पैसा पुरेना म्हणून 1981 च्या सुमारास सोडून दिली. तिच्या मूळ कंपनीकडे असलेले हक्क 1987 सालीं ऑस्ट्रियांतील लेंझिंगनें, तर 1990 सालीं कोर्टोल्ड्‌सनें परवान्यानें घेतले. होय, तीच कोर्टोल्ड्‌स! पूर्व जर्मनींतील रुडोल्श्टाट येथील संशोधनसंस्थेंतहि 1987 पासून ह्याच दिशेनें स्वतंत्र प्रयत्न चालू होते.

हें काम दिसतें तितकें सोपें नव्हतें. नवा द्रावक माणसास फारसा अपायकारक नाहीं, पण तापविला असतां लोखंड किंवा तांबें यांचा अंश जरी त्यांत मिसळला तरी तो एकाएकीं विघटन पावून स्फोट होण्याचा संभव. ह्यावर जो उतारा निघाला तो मोठा मौजेचा आहे. मायफळांत व हिरड्यांत जें तुरट द्रव्य असतें, त्यापासून गॅलिक आम्ल मिळतें. त्याचें प्रोपिल गॅलेट नांवाचें संयुग तेल-तूप खवट होऊं नये म्हणून खाद्यपदार्थांत घालीत असत. तेंच चिमूटभर ह्या रसांत टाकलें कीं तो शांत राहतो. बाळाच्या गुटींत मायफळ उगाळणाऱ्या आजीबाईंस ह्यांत कांहीं नवल वाटणार नाहीं.

1989 सालीं ह्या तंतूस लायोसेल हें नांव मिळालें. 1992 सालीं अमेरिकेंतील मोबील ह्या गांवीं कोर्टोल्ड्‌सचा, आणि 1997 सालीं ऑस्ट्रियांतील हायलिगेनक्रॉइट्स येथें लेंझिंगचा कारखाना चालूं झाला. 2004 सालीं पहिलाहि लेंझिंगच्याच हातीं आला. ह्या कृतींत गंधकाचें कांहींच काम नाहीं. लगदा द्रावकांत कालवितात, पाणी उडवून लावलें कीं मधाच्या रंगाचा रस होतो, त्याची धार हवेंतून थोडें अंतर ओढून साध्या पाण्यांत सोडतात. द्रावक पाण्यांत उतरतो, पाणी आटवून तो परत मिळवितात, आणि शंभरांतील नव्याण्णव भागांहून अधिक पुन्हां त्याच कामास लागतो. पाणी आटविण्यास इंधन लागतें, लगद्यासाठीं झाडें लागतात आणि ओल्या घर्षणानें ह्या तंतूवर लव उठते, हे दोष खरे. शिवाय तो महाग पडतो. म्हणूनच जगांत आजहि वर्षास अर्ध्या कोटि टनांहून अधिक व्हिस्कोज तयार होतें आणि लायोसेलचा वांटा त्यापुढें लहान आहे. चांगल्या व्हिस्कोज कारखान्यांनीं धुराड्यांतील कार्बन डायसल्फाइड पकडून पुन्हां वापरण्याची यंत्रें बसविलीं आहेत, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. जेथें तीं बसविलेलीं नाहींत, तेथें देल्पेशचीं टिपणें अद्याप शिळीं झालेलीं नाहींत.

ज्या फिनलंडांत 343 कामगारांची मोजणी झाली, त्याच देशांत पुढें तिसरा मध्यस्थ निघाला. हेलसिंकी विद्यापीठांतील इल्का किल्पेलाइनेन आणि पूर्वीं लेंझिंगच्या संशोधनशाळेंत काम केलेले, मग आल्टो विद्यापीठांत आलेले हेर्बर्ट झिक्स्टा यांच्या मंडळींनीं उकळत्या पाण्याहून कमी उष्णतेंतच वितळणाऱ्या एका क्षारांत सेल्युलोज विरघळविलें. ह्या तंतूस आयॉनसेल म्हणतात. लाकडाप्रमाणेंच जुन्या सुती चिंध्या व रद्दी यांपासूनहि तो निघतो. एका विद्यापीठानें द्रावक रचावा, दुसऱ्यानें त्यांतून धागा ओढावा आणि कापडवाल्यांनीं तो विणून पाहावा, अशी ही वांटणी होती. 6 डिसेंबर 1918 नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या 6 डिसेंबर 2018 ह्या फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनीं राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी येनी हाउकियो यांनीं बर्च झाडाच्या लाकडापासून ह्याच रीतीनें काढलेल्या धाग्याचा पोशाख केला होता. तो क्षार मात्र फार महाग. कुंडांतील पाण्यांतून तो जवळजवळ शेवटच्या थेंबापर्यंत परत कसा मिळवावा, हाच त्या मंडळींपुढील मुख्य प्रश्न होऊन बसला.