शिक्षा रद्द, शेरा कायम

मार्च १८८२ मध्ये वॉशिंग्टनहून एकाच तरुणाबद्दल, एकाच दिवशी दोन आदेश निघाले. पहिला राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांचा होता. या कॅडेटला लष्करी न्यायालयाने दोषी ठरवले होते, तो निकाल त्यांनी रद्द केला. दुसरा युद्धमंत्री रॉबर्ट टॉड लिंकन यांचा. हा कॅडेट जून १८८० च्या तोंडी परीक्षेत नापास झाला होता, सबब त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून कमी करण्यात येत आहे, असे त्यात होते. गुलामी संपवणाऱ्या अब्राहम लिंकन यांचे हे चिरंजीव, आणि तो कॅडेट गुलामीत जन्मलेला.

त्याचे नाव जॉन्सन चेस्टनट व्हिटेकर. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, लष्करातले मला फारसे कळत नाही. पण ‘नापास’ हा शब्द मला ओळखीचा आहे. तो लिहायला एक क्षण पुरतो, आणि खोडायला किती वर्षे लागू शकतात हे व्हिटेकरच्या गोष्टीत दिसते. म्हणून ती सांगावीशी वाटली.

व्हिटेकरचा जन्म १८५८ चा, दक्षिण कॅरोलायनातला. यादवी युद्धानंतर काळ्या मुलांसाठी शिक्षणाची दारे काही वर्षे उघडली, तेव्हा तो तिथल्या विद्यापीठात पोहोचला. तिथे त्याला रिचर्ड ग्रीनर शिकवत होते. हार्वर्ड कॉलेजमधून पदवी घेणारे ते पहिले काळे विद्यार्थी. त्यांच्याच शिफारशीवर १८७६ मध्ये व्हिटेकर वेस्ट पॉइंटला गेला. पहिल्या वर्षी खोलीत त्याच्यासोबत हेन्री फ्लिपर होता. १८७७ मध्ये फ्लिपर तिथून उत्तीर्ण होणारा पहिला काळा अधिकारी ठरला आणि निघून गेला. त्यानंतर बहुतेक काळ साऱ्या अकादमीत व्हिटेकर एकटा काळा कॅडेट होता. गोरे कॅडेट कामापुरते सोडून त्याच्याशी एक शब्दही बोलत नसत.

६ एप्रिल १८८० च्या सकाळी हजेरीला तो आला नाही. खोलीत पाहिले तर तो पलंगाला बांधलेला, रक्ताने माखलेला, कानांवर वार, केस कापलेले. रात्री तोंड झाकलेल्या तिघांनी हल्ला केला, असे त्याने सांगितले. आदल्या दिवशी त्याला इशारा देणारी निनावी चिठ्ठीही आली होती. अकादमीच्या अधिकाऱ्यांनी मात्र वेगळेच अनुमान काढले. त्यांच्या मते व्हिटेकरने स्वतःच स्वतःला जखमी केले, बांधून घेतले आणि ती चिठ्ठीही स्वतःच लिहिली. कशासाठी? तर जूनमधली परीक्षा टाळण्यासाठी!

चौकशी बसली आणि निष्कर्ष त्याच्याविरुद्ध गेला. तो सारा काळ वर्तमानपत्रांत त्याचेच नाव गाजत होते. अशा दिवसांत जूनमध्ये त्याची तोंडी परीक्षा झाली आणि तो नापास झाला.

आता शिक्षकांनी इथे जरा थांबावे. व्हिटेकर फार हुशार कॅडेट होता असा दावा मी करणार नाही. आधीही तो एकदा अडखळला होता आणि त्याला एक वर्ष मागे ठेवले होते. पण जून १८८० चा तो निकाल नेमके काय मोजत होता? ज्याच्या कानांवर दोन महिन्यांपूर्वी वार झाले, आणि ज्याला त्याचीच संस्था खोटारडा म्हणत होती, त्याला परीक्षकांसमोर उभे करून उत्तरे विचारली गेली. उर्दूत परीक्षेला इम्तिहान म्हणतात आणि कसोटीच्या प्रसंगालाही इम्तिहानच म्हणतात. व्हिटेकरचे दोन्ही इम्तिहान एकाच वेळी चालू होते, नोंद मात्र एकाचीच झाली.

आपले नाव स्वच्छ व्हावे म्हणून त्यानेच लष्करी न्यायालयाची मागणी केली. १८८१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खटला चालला. न्यायालयाने त्याला दोषी ठरवून बडतर्फी, एक डॉलर दंड आणि वर्षभराची सक्तमजुरी अशी शिक्षा सुनावली आणि दयेची शिफारसही केली. पुढे वरच्या तपासणीत दिसले की त्याच्याविरुद्ध वापरलेला हस्ताक्षराचा पुरावा कायद्याने ग्राह्यच नव्हता. म्हणून राष्ट्राध्यक्षांनी निकाल रद्द केला. खटल्याच्या निकालावर कोणीतरी वरचा नजर टाकणारा होता. परीक्षेच्या निकालावर तसा कोणी नव्हता. त्यामुळे जे काम शिक्षेने झाले नाही, ते नापासाच्या शेऱ्याने त्याच दिवशी पार पडले.

त्या काळी अमेरिकन सैनिकाच्या लष्करी नोंदीत अन्याय झाला असेल, तर एकच मोठा मार्ग होता. कोणा संसद सदस्याला गाठायचे आणि आपल्या एकट्यासाठी काँग्रेसमध्ये खासगी विधेयक मांडून घ्यायचे. व्हिटेकरचा जुना सोबती फ्लिपर याने हाच मार्ग धरला. टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिस इथे त्याच्या ताब्यातल्या सरकारी रकमेत तूट निघाली. ३,७९१ डॉलर ७७ सेंटच्या अपहाराचा आरोप ठेवला गेला. लष्करी न्यायालयाने अपहारातून त्याला निर्दोष सोडले, पण अधिकाऱ्याला न शोभणाऱ्या वर्तनाबद्दल दोषी धरले. ३० जून १८८२ रोजी तो बडतर्फ झाला. १८९८ पासून त्याच्यासाठी एकामागून एक विधेयके मांडली गेली. एकही मंजूर झाले नाही. १९४० मध्ये फ्लिपर वारला, तेव्हा नोंदीत तो बडतर्फच होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो सैनिक घरी परतले. प्रत्येकाच्या कागदासाठी संसदेने वेगळे विधेयक घ्यायचे, हे चालणारे नव्हते. १९४६ च्या कायद्याने अशा खासगी विधेयकांना बंदी घातली आणि हे काम लष्करी खात्यांकडे सोपवले. त्यातून नोंदी दुरुस्त करणारी मंडळे उभी राहिली. या कायद्यातले दोन शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. नोंदीतली ‘चूक’ सुधारता येते आणि ‘अन्याय’ही दूर करता येतो. म्हणजे तारीख किंवा आकडा चुकलेला असलाच पाहिजे असे नाही. कागद नियमाप्रमाणे बरोबर असूनही अन्यायाचा असू शकतो, हे कायद्यानेच मान्य केले.

आज अमेरिकन सैन्यातल्या एखाद्या जवानाला प्रशिक्षणाच्या शाळेतून प्रतिकूल अहवाल मिळाला, तर तो आधी त्याला दाखवावा लागतो आणि त्यावर त्याचे म्हणणे मांडू द्यावे लागते. पुढे तो अपील करू शकतो. तिथे दाद मिळाली नाही, तर दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करता येतो. मंडळाचे सदस्य गणवेशातले नसून नागरी कर्मचारी असतात. मुदत तीन वर्षांची आहे, पण न्यायासाठी गरज वाटली तर मंडळ ती माफ करू शकते. सैनिक हयात नसेल तर वारसही अर्ज करू शकतात.

ऐकायला हे सोपे वाटते, वाट मात्र चढणीची आहे. नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याने आपले काम रीतसर केले, असेच आधी गृहीत धरले जाते. ते चुकले हे सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावर असते. ‘मला हा शेरा पटत नाही’ एवढे म्हणून भागत नाही. सोबतच्या प्रशिक्षणार्थींचे जबाब, वेळापत्रक, आजारपणाचे कागद, शाळेचे लेखी नियम असे काहीतरी हातात लागते. प्रत्यक्ष सुनावणी मिळेलच असे नाही, बहुतेक निर्णय कागदांवरच होतात. म्हणजे ज्याने त्या वेळचे कागद जपले, त्यालाच पुढे आशा.

फ्लिपरच्या बाबतीत हे घडले. त्याचे नातेवाईक आणि जॉर्जियातला एक शाळामास्तर यांनी मिळून अर्ज केला. लष्करी न्यायालयाचा निकाल फिरवणे मंडळाच्या हातात नव्हते. पण झालेली शिक्षा गरजेपेक्षा कठोर आणि अन्यायाची होती, असे त्याने म्हटले. १९७६ मध्ये फ्लिपरची बडतर्फी सन्मानाच्या सेवामुक्तीत बदलली आणि तिच्यावर जुनीच तारीख घातली गेली : ३० जून १८८२. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याला माफीही दिली. माणूस जाऊन तेव्हा ५९ वर्षे झाली होती.

आणि व्हिटेकर? अकादमीने काढून टाकल्यावर ते शिक्षक झाले, वकीलही झाले. ओक्लाहोमा सिटीत ते काळ्या मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. पुढे ‘इनव्हिजिबल मॅन’ ही गाजलेली कादंबरी लिहिणारे राल्फ एलिसन त्याच शाळेत शिकले. ज्यांना ‘नापास’ म्हणून हाकलले, त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची मुले पास केली! त्यांचे दोन्ही मुलगे पहिल्या महायुद्धात अधिकारी झाले. १९३१ मध्ये व्हिटेकर वारले. २४ जुलै १९९५ रोजी क्लिंटन यांनी त्यांना मरणोत्तर सेकंड लेफ्टनंटचे कमिशन दिले. खटल्यात पुरावा म्हणून जप्त केलेले त्यांचे बायबलही तेव्हा कुटुंबाच्या हाती आले. एक पवित्र ग्रंथ शंभराहून अधिक वर्षे सरकारी दप्तरात पुरावा बनून पडला होता.

या विलंबाचा हिशेब एकट्या व्हिटेकरपुरता नाही. १८८९ पर्यंत वेस्ट पॉइंटमधून तीनच काळे अधिकारी बाहेर पडले. चौथा बाहेर पडला तो थेट १९३६ मध्ये. एका मुलाच्या नावापुढे चुकीचा शेरा बसला, की त्याच्या मागून येणाऱ्यांनाही तोच शेरा दाखवला जातो. ‘तुमचे लोक तिथे टिकत नाहीत’, हे वाक्य कोणत्या भाषेत कसे उच्चारले जाते, ते वाचकांना सांगायला नको.

आपल्याकडे सरकारी नोकरांच्या गोपनीय अहवालाचा ‘गोपनीय’ हाच शब्द वर्षानुवर्षे खरा होता. माणसाला बढती नाकारली जाई आणि का, ते त्याला कळतही नसे. २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असली तरी, संबंधिताला कळवलीच पाहिजे. त्या निकालात एक अपवाद ठेवलेला आहे, तो लष्कराचा. व्हिटेकरची कहाणी वाचल्यावर तो अपवाद डोळ्यांत खुपतो.

बीएडला आम्हाला मूल्यमापनाच्या पद्धती शिकवल्या गेल्या. व्हिटेकरने त्यात माझ्यापुरती आणखी भर घातली. शेरा लिहिताना त्या दिवसाची परिस्थितीही लिहावी. ज्याच्याबद्दल लिहिले त्याला ते दाखवावे. आणि त्याचे म्हणणे त्याच पानावर, आपल्या शेऱ्याइतक्याच ठळक अक्षरात राहू द्यावे. इन्साफ करणारा कोणी शंभर वर्षांनी आला, तर त्याला निदान ते पान तरी सापडले पाहिजे.