विजेस वाट हवी

निवृत्तीनंतर मीं एक काम अंगावर घेतलें होतें. शाळेचीं जुनीं दप्तरें चाळून आमच्या गांवचा इतिहास घरच्या संगणकावर लिहून काढावयाचा. कसरीनें खाल्लेलीं कांहीं पानें हातांत घेतांच तुटत. तीं दुसऱ्यांदा वाचतां येण्याजोगीं नव्हतीं. असें दोन वर्षें चाललें. गेल्या ज्येष्ठांत एका सायंकाळीं आभाळ गडगडलें, दिवे क्षणभर लखलखले आणि विझले. वीज परत आली. संगणक मात्र उठला नाहीं, आणि आंतील लिखाणहि गेलें. वास्तविक मीं तो बाजारांतून आणलेल्या स्पाइक गार्डवर जोडलेला होता. दुसऱ्या दिवशीं वायरमननें भिंतींतील सॉकेट उघडून दाखविलें. वरच्या मोठ्या भोकामागें तारच नव्हती! म्हणजे ज्या तारेनें जादा विजेनें जमिनींत जावयाचें, ती अर्थिंगची तार कधीं जोडलेलीच नव्हती. तें पाहून मला एका विद्वानाच्या मृत्यूची आठवण झाली.

आकाशांतील वीज लोखंडी सळईनें खालीं आणतां येईल, असें अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँक्लिन यानें सुचविलें. आणि १७५२ च्या मे महिन्यांत फ्रान्समधील मार्ली या गांवीं उंच सळईंतून ठिणग्या निघाल्या. त्यांतूनच इमारतींवरील वीजवाहक सळई आली. ही सळई विजेस अडवीत नाहीं. ती तिला जमिनीची वाट दाखविते. पुढच्याच वर्षीं सेंट पीटर्सबर्ग येथें रिख्मान या शास्त्रज्ञानें विजेचें मापन करण्याकरितां छपरावरची सळई घरांत आणली होती. मापनासाठींच ती जमिनीस जोडलेली नव्हती. ऑगस्टमध्यें वादळ झालें. तो उपकरणाजवळ गेला, आणि विजेनें त्याच्या देहांतून वाट काढली. सळई होती, पण तिला जमीन नव्हती.

एकोणिसाव्या शतकांत तारायंत्र आलें आणि रानांतली वीज तारेवरून कचेरींतल्या मेजापर्यंत येऊं लागली. १८४७ सालीं फ्रान्समधील ब्रेगे यानें सुचविलें कीं, यंत्राच्या अलीकडे बारीक तार घालावी. प्रवाह वाढला तर ती वितळेल आणि यंत्र वांचेल. आपल्या घरांतील फ्यूजचें हेंच मूळ. दुसरी युक्ति याहून सुंदर होती. तार व जमीन यांच्यामध्यें दोन धातूचीं टोकें किंचित् अंतरावर ठेवीत. संदेशाच्या सौम्य विजेस तें अंतर ओलांडतां येत नसे. आकाशांतील वीज मात्र तें उडी मारून ओलांडी व जमिनींत जाई. सौम्य प्रवाहास दार बंद, उन्मत्त प्रवाहास उघडें!

१८५९ च्या सप्टेंबरांत सूर्यावरील प्रचंड उत्पातामुळें युरोप-अमेरिकेंतील तारायंत्रें बिघडलीं. कांहीं तारमास्तरांस धक्के बसले. कांहीं ठिकाणीं बॅटरी सोडवूनहि संदेश जात राहिले. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं फ्रान्समधील गास्ताँ प्लान्ते यानें पुन्हां पुन्हां भरतां येणारी शिशाची बॅटरी तयार केली.

आजच्या संगणकाचे दोन्ही रखवालदार या दोन घराण्यांतले. स्पाइक गार्डमध्यें धातूच्या टोकांचें काम जस्ताच्या प्राणिदाची चकती करते. नेहमींच्या २३० व्होल्टांस ती जवळजवळ बंद असते. दाब फार चढला कीं क्षणार्धांत वाट मोकळी करते. प्रत्येक आघातानें ती झिजते, म्हणून तिचेंहि आयुष्य असतें. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डांत पुष्कळदां ती नसतेच. यूपीएसमध्यें बहुधा प्लान्तेच्या बॅटरीचीच वंशज बसलेली असते. खात्रीच्या विजेची संवय असलेल्या मुंबईंतहि १२ ऑक्टोबर २०२० रोजीं वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या. अशा वेळीं यूपीएस तासन् तास चालावा ही अपेक्षा व्यर्थ होय. चार-दोन मिनिटांत लिखाण जतन करून संगणक नीट बंद करावा, एवढाच त्याचा उपयोग.

तथापि घराजवळ पडलेल्या विजेपुढें यांपैकीं कोणाचीहि मात्रा चालेल असें नाहीं. म्हणून पहिला गडगडाट ऐकतांच प्लग काढावा, इंटरनेटची तारहि काढावी, आणि लिखाणाची एक प्रत दुसऱ्याच्या घरीं ठेवावी. दिवाळींत पुतण्यानें छापून नेलेलीं पानें तेवढीं माझ्या हातीं उरलीं. त्यांपुढील कसरीच्या पानांतील मजकूर कायमचा गेला.

रिख्मानास अर्थिंग नसल्याचें ठाऊक होतें. मला ठाऊक नव्हतें, एवढाच फरक. श्रोतेहो, आज वायरमनला बोलावून आपल्या सॉकेटची ती तिसरी तार जमिनीपर्यंत पोंचते कीं नाहीं, एवढें पाहून घ्या.