कोणाच्या जागी कोण? डिपेंडन्सी इंजेक्शनमधील नोंदणीचा इतिहास

१/८
अमुक टाइप मागितला, तर प्रत्यक्षात कोणता क्लास द्यायचा? डिपेंडन्सी इंजेक्शन कंटेनरमधील नोंदणी म्हणजे या प्रश्नाचे आगाऊ लिहून ठेवलेले उत्तर. ते कुठे लिहावे, यावरून जावाच्या जगात दीर्घकाळ मतभेद होते.

२/८
मूळ अडचण साधी होती. पावती तयार करणारा क्लास ‘न्यू’ वापरून डेटाबेसची जोडणी स्वतःच निर्माण करी. मग खऱ्या डेटाबेसविना त्याची चाचणी घेणे दुरापास्त होई. एंटरप्राइझ जावाबीन्सच्या काळात तर सर्व्हरबाहेर घटक चालवणेही कठीण होते.

३/८
२००२ मध्ये रॉड जॉन्सन यांनी जे२ईईवरील आपल्या ग्रंथात वेगळी वाट दाखवली. सोबत सुमारे ३०,००० ओळींचा कोड होता. युर्गन होलर व यान कारोफ यांच्या आग्रहाने त्यातून मुक्तस्रोत प्रकल्प उभा राहिला. तोच ‘स्प्रिंग’, त्याची १.० आवृत्ती मार्च २००४ मध्ये आली.

४/८
स्प्रिंगची नोंदणी एक्सएमएल फाइलमध्ये होई. कोडला हात न लावता क्लास बदलता येई, हा तिचा मोठा लाभ. परंतु तेथील क्लासचे नाव म्हणजे निव्वळ मजकूर. एक अक्षर चुकले तरी कंपायलर गप्प राही; दोष कळे तो प्रोग्राम सुरू झाल्यावर.

५/८
त्याच सुमारास पॉल हॅमंट व अस्लाक हेलेसॉय यांच्या पिकोकंटेनरने नोंदणी जावा कोडमध्येच ठेवली. जानेवारी २००४ मध्ये मार्टिन फाउलर यांच्या लेखाने ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ केले. ‘इन्व्हर्जन ऑफ कंट्रोल’ ही जुनी संज्ञा त्यांना अतिव्यापक वाटत होती.

६/८
२००७ मध्ये गूगलमधील बॉब ली यांचे ‘ज्यूस’ आले. जेनेरिक्समुळे न जुळणारा क्लास नोंदवू पाहिल्यास कंपायलरच अडवू लागला. २००९ मध्ये ली व जॉन्सन यांच्या पुढाकाराने ‘इंजेक्ट’ हे सामाईक ॲनोटेशन ठरले. मागणी कशी करावी, यावर एकमत झाले. नोंदणी कशी करावी, हे मात्र ज्याच्या त्याच्यावर राहिले.

७/८
नोंदणीच विसरली तर? २०१२ मध्ये स्क्वेअरच्या ‘डॅगर’ने ही उणीव कंपाइल करतानाच पकडायला घेतली. २०१६ मध्ये एएसपी डॉट नेट कोअरने कंटेनर फ्रेमवर्कमध्येच दिला. तेथे टाइपसोबत आयुर्मानही नोंदवावे लागते: ट्रान्झियंट, स्कोप्ड वा सिंगलटन. येथील चूक गंभीर असते. एका विनंतीपुरता असलेला ऑब्जेक्ट सिंगलटनने धरून ठेवला, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या हाती पडू शकते.

८/८
एक्सएमएलपासून डॅगरपर्यंत नोंदणीची जागा बदलत गेली, तशी चूक उघडकीस येण्याची वेळही अलीकडे सरकत गेली. आयुर्मानाची चूक मात्र आजही पुष्कळदा कंपायलरच्या नजरेतून सुटते.