तीजेची गाणी आणि लेकीचा वाटा



भाद्रपद शुद्ध तृतीयेला आपण हरितालिका पूजतो. नेपाळमध्ये त्याच तिथीला तीज असते. कथा तीच, पार्वतीने शंकरासाठी केलेल्या तपाची. उपासही तसाच कडक. गेल्या वर्षी ही तीज आम्ही चौघींनी तिथेच पाहिली, स्यांग्जा जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावात. आज त्या गाण्यांचा इतिहास सांगायचा आहे.

आम्ही चौघी बचत गटाच्या, दप्तर लिहिण्यात मुरलेल्या. तिथल्या आमा समूहाला, म्हणजे आयांच्या गटाला, खतावणी आणि कर्जाचे हप्ते लिहायला शिकवायचे म्हणून तीन आठवडे स्वयंसेवक होऊन गेलो. प्रवासखर्च आमचा, राहणं-जेवण त्यांच्या घरी. गोरखपूरपर्यंत रेल्वे, सोनौलीला पायी सीमा ओलांडली आणि पुढे बस. बुटवल सोडलं की घाट लागतो. दरड कोसळलेली होती, त्यामुळे पाच तास रस्त्यातच बसलो. नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात, म्हणून पाट्या वाचता येत होत्या. बोलणं हिंदीवर निभावलं.

या आमा समूहांची गोष्टही जुनी आहे. पश्चिम नेपाळच्या डोंगरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जात आले, आता आखातात जातात. मागे राहिलेल्या बायकांनी एकत्र येऊन नाचगाण्याच्या कार्यक्रमांतून पैसे जमवले आणि त्यातून पायवाटा, पाणवठे, शाळेच्या खोल्या उभ्या केल्या. पुढे कितीतरी गावांत त्यांनी दारू आणि जुगारही बंद पाडले. आपल्याकडच्या आडव्या बाटलीची आठवण यावी असंच ते काम.

आम्ही पोचून चार दिवस होतात न होतात तोच तीज आली. गटाच्या अध्यक्ष दिदी म्हणाल्या, “दिदी, आता तीन दिवस वही बंद. आता बसा आणि ऐका.”

माहेराला तिकडे माइती म्हणतात. तीजेला भाऊ किंवा बाप लेकीला न्यायला येतो. आदल्या रात्री माहेरी गोडधोड जेवण होतं, त्याला ‘दर’ म्हणतात. खीर, तूप, भात, ज्याला जे जमेल ते. दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही नाही. लाल साडी, गळ्यात पोते, म्हणजे आपल्या पोतीसारखे बारीक मणी. अंगणात मादल वाजतो, एक जण ओळ टाकते आणि बाकीच्या उचलून धरतात. अगदी मंगळागौरीसारखं.

आम्हाला वाटलं, शंकर-पार्वतीची गाणी असतील. तीही होतीच. मग एका म्हातारीने एक गाणं सुरू केलं. बायका आधी हसल्या, मग गप्प झाल्या. आरोग्य स्वयंसेविका आमच्या शेजारी बसली होती, तिने अर्थ सांगितला. भाऊ दर वर्षी बहिणीला तीजेला नेतो, खीर वाढतो, साडी देतो. एका वर्षी बहीण म्हणते, साडी नको, ओढ्याकाठचा तुकडा माझ्या नावावर कर. पुढच्या तीजेला तिला न्यायला कुणीच येत नाही.

नेपाळच्या तीजेच्या गाण्यांचं हेच वैशिष्ट्य आहे. वर्षभर सुनेने तोंड उघडायचं नाही, पण या दिवशी गाण्यातून काहीही बोललं तरी चालतं. सासूचा जाच, नवऱ्याची दारू, सवत, लेकीला शाळेत न घालणं, सगळं गाण्यात येतं. डोरोथी हॉलंड आणि डेब्रा स्किनर या अभ्यासक बायांनी मध्य नेपाळच्या एका खेड्यातली अशी गाणी नोंदवून ठेवली आहेत. त्यांना दोन प्रकार दिसले. एक दुःखाची गाणी, दुसरी राजकारणाची. १९९० साली लोकांच्या आंदोलनापुढे राजाला नमावं लागलं आणि बहुपक्षीय लोकशाही आली. त्यानंतर राजकारणाची गाणी एकदम वाढली. सत्ता, भ्रष्टाचार, मुलींचं शिक्षण, वारसा हे विषय बायका उघड गाऊ लागल्या.

पण शब्दांना धार आली ती एका दिवसात नाही. पूर्व नेपाळच्या भोजपूरमध्ये योगमाया न्यौपाने नावाची बाई होऊन गेली. लहानपणी लग्न, लवकर वैधव्य. पुढे संन्यास घेऊन ती अरुण नदीच्या काठी राहिली. तिला लिहिता येत नव्हतं. ती बोलायची आणि शिष्य उतरवून घ्यायचे. जातिभेद, बालविवाह, सावकारी, राणा सरकारचा अन्याय यांवर ती पदं रचायची. सरकारने दाद दिली नाही, पकडापकडी केली. शेवटी १९४१ साली योगमायाने आणि तिच्यासोबत साठांहून अधिक लोकांनी अरुण नदीत जलसमाधी घेतली. शिष्यांनी लिहून घेतलं म्हणून तिचे शब्द आजवर राहिले.

आता त्या ओढ्याकाठच्या तुकड्याकडे येऊ. १९७५ साली नेपाळच्या कायद्यात बदल झाला. मुलीला वाटा मिळेल, पण ती ३५ वर्षांची आणि बिनलग्नाची असेल तरच. १९९३ मध्ये मीरा ढुंगाना या वकील बाईंनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. जन्मलेल्या मुलाला हक्क आणि मुलीला मात्र ३५ वर्षं थांबायचं, हे समानतेत कसं बसतं, असा त्यांचा सवाल होता. १९९५ मध्ये न्यायालयाने सरकारला वर्षभरात विधेयक आणायला सांगितलं. कायदा व्हायला २००२ उजाडलं. जन्मापासून हक्क मिळाला, पण लग्न झालं की वाटा परत करायचा. अखेर २०१५ च्या संविधानात लिहिलं गेलं की वडिलोपार्जित संपत्तीत लेक आणि लेकरू असा भेद नाही. १९७५ ते २०१५ म्हणजे चाळीस वर्षं. या सगळ्या वर्षांत तीजेच्या अंगणात गाणी चालूच होती. १९९७ साली काठमांडूत रेडिओ सगरमाथा सुरू झाला. दक्षिण आशियातला तो पहिला बिगरसरकारी सामुदायिक रेडिओ. त्याच्या पाठोपाठ गावोगावी केंद्रं निघाली आणि अंगणातला आवाज डोंगरापलीकडे जाऊ लागला.

हे सारं अध्यक्ष दिदींनी आम्हाला सांगितलं, तेव्हा आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “आमच्या महाराष्ट्रात तर १९९४ सालीच कायदा झाला. २००५ मध्ये सगळ्या देशात झाला.”

त्यांनी सहज विचारलं, “मग तुम्ही चौघींनी वाटा घेतलात?”

मैत्रिणींनो, आम्ही एकमेकींकडे पाहिलं. चौघींपैकी तिघींनी हक्कसोड केलेलं. एकीने तर कागद वाचलाही नव्हता. भाऊ म्हणाला, तलाठ्याकडे वारस लावायचे आहेत, अंगठा दे. तिने अंगठा दिला. दुसरी म्हणाली, “माहेरची वाट बंद झाली असती.” म्हातारीच्या गाण्यातली बहीण आणि आम्ही वेगळ्या नव्हतो. फरक एवढाच की तिने मागितलं तरी होतं.

तीज सरली, वह्या पुन्हा उघडल्या. त्या बायका खतावणी आठ दिवसांत शिकल्या. त्यांच्या हिशोबात एक रकाना आम्हाला नवा होता. जी बाई वाट्यासाठी तालुक्याला खेटे घालते, तिला बसभाड्यापुरतं बिनव्याजी कर्ज. आम्ही तो रकाना उतरवून आणला.

परत आल्यावर गटाच्या बैठकीत दोन ठराव केले. पहिला असा, की गटातल्या कुणाही बाईने जमिनीच्या कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी तो कागद बैठकीत मोठ्याने वाचायचा. हक्क सोडायचा की ठेवायचा, हे जिचं तिने ठरवावं. पण काय सोडतोय ते तरी कळायला हवं. मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे आणि २००५ साली वडील हयात नसले तरी तो बुडत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. हेही त्या बैठकीत सगळ्यांना सांगितलं.

दुसरा ठराव गाण्यांचा. आपल्या आजीच्या ओव्यांत, मंगळागौरीच्या आणि भोंडल्याच्या गाण्यांत भाऊ, माहेर, साडी-चोळी पुष्कळ आहे. त्यात वाट्याबद्दल कुठे काही आलं आहे का, हे आम्ही शोधतो आहोत. ठरावाच्या वहीच्या मागच्या पानांवर ती गाणी लिहायला घेतली आहेत. तुमच्या गावात असं गाणं म्हणणारी कुणी म्हातारी असेल, तर या हरितालिकेला तिच्यापाशी वही घेऊन बसा.